चित्र थांबले आहे की बिघडले आहे?

परवा दुपारी जेवणे आटोपल्यावर मी मामोरू ओशी या जपानी दिग्दर्शकाचा ‘एंजल्स एग’ हा ॲनिमेशनपट लावून बसले होते. शेजारी लोळत पडलेली भाची मोबाइलमधून अधूनमधून डोके वर काढून पडद्याकडे एक नजर टाकत होती. अंधाऱ्या जागेत शेकोटी जळते आहे, एक लहान मुलगी झोपली आहे आणि जवळच एक तरुण बसून आहे, एवढेच दृश्य समोर होते आणि ते हलायचे नाव घेत नव्हते. ज्वाळा तेवढ्या हलत होत्या, पण त्या तिच्या लक्षात आल्या नसाव्यात. शेवटी तिला राहवले नाही.

“मावशी, नेट गेलंय का गं?”

मला एकदम आमचे आजोबा आठवले. रविवारी दुपारी दूरदर्शनवर प्रादेशिक भाषांतले, पुरस्कार मिळालेले चित्रपट लागत, त्या काळातली ही गोष्ट. मटणाचे जेवण अंगावर आलेले, सतरंजीवर घरातली सगळी मंडळी आडवी, आणि पडद्यावर एखाद्या मल्याळी किंवा बंगाली चित्रपटातली होडी संथ पाण्यात बराच वेळ उभी. खालच्या इंग्रजी ओळी बाबा मोठ्याने मराठीत वाचून दाखवत आणि दुसऱ्या-तिसऱ्या ओळीलाच त्यांचा आवाज घोरण्यात मिसळून जाई. होडी फारच वेळ हलली नाही की आजोबा धाकट्या काकांना गच्चीवर पिटाळत. काका अँटेना फिरवत आणि वरून ओरडत, “आलं का?” खालून आजोबा ओरडत, “नाही, अजून तिथंच आहे!” तेवढ्यात नावाडी खोकला, तर काकांची कामगिरी फत्ते झाली असे सर्वानुमते ठरे. त्या चित्रपटांची नावे आज मला सांगता येणार नाहीत, पण ती होडी मात्र लख्ख आठवते. दुसरी वाहिनी नव्हती म्हणूनच ती पाहिली गेली, हे उघड आहे. आपल्या रसिकतेत पर्यायांच्या अभावाचा वाटा किती मोठा असतो, हे आपण सहसा मान्य करत नाही.

ओशींच्या चित्रपटाला मात्र असा हक्काचा, सुस्तावलेला प्रेक्षक लाभला नाही. १९८५ च्या डिसेंबरात तो जपानमध्ये थेट व्हिडिओवर आला, म्हणजे ज्याला पाहायचा त्याने पदरचे पैसे मोजून पाहायचा. ओशींचे नाव तोवर ‘उरुसेई यात्सुरा’ या धमाल विनोदी मालिकेमुळे लोकांना ठाऊक झालेले होते. त्या ओळखीवर विसंबून कॅसेट आणणाऱ्यांच्या वाट्याला आले काय, तर एक ओसाड, काळवंडलेले शहर, झग्याखाली भले मोठे अंडे जपत हिंडणारी एक मुलगी, खांद्यावर क्रूसाच्या आकाराचे शस्त्र घेतलेला एक अनोळखी तरुण आणि ७१ मिनिटांत मोजके संवाद. भिंतींवरून राक्षसी माशांच्या नुसत्या सावल्या सरकत जातात आणि कोळी त्यांच्यावर भाले फेकत सुटतात. सावल्या पुढे निघून जातात आणि भाले दगडी भिंतींत व खिडक्यांत रुतून राहतात. योशिताका अमानो यांनी या मुलीला दिलेले पांढरे, विस्कटलेले केस प्रत्येक वाऱ्यासरशी असे काही उडतात की ते हाताने काढणाऱ्यांच्या मनगटांची दया यावी. हेच अमानो पुढे ‘फायनल फँटसी’ या व्हिडिओ गेमच्या चित्रांमुळे जगभर पोहोचले.

चित्रपट आपटला. त्यानंतर काही वर्षे कामे मिळणे अवघड झाले, असे स्वतः ओशीच सांगत आले आहेत. अमेरिकेत तर याहून मजेशीर प्रकार घडला. तिथे १९८८ मध्ये या चित्रपटाचे तुकडे कापून, मध्ये गॅस मास्क घातलेल्या खऱ्या नटांची दृश्ये घालून आणि मुलीच्या तोंडी भरपूर संवाद कोंबून एक वेगळाच चित्रपट उभा करण्यात आला. थांबलेले चित्र सहन न होणारी माणसे सगळीकडेच असतात, फक्त काहींच्या हाती अँटेनाऐवजी कात्री लागते.

पुढे १९९५ च्या ‘घोस्ट इन द शेल’ने ओशींना जगप्रसिद्ध केले, आणि २०२५ मध्ये फ्रान्समधल्या कान चित्रपट महोत्सवाच्या ‘क्लासिक्स’ विभागात ‘एंजल्स एग’ नव्याने, ४के स्वरूपात झळकला. आता त्याला सगळे अभिजात म्हणतात. मला त्याचा आनंदच आहे, परंतु अभिजात ठरल्याबरोबर त्याच्यामागे अर्थ सांगणाऱ्यांचा जो ससेमिरा लागला आहे, त्याचे काय करावे हे समजत नाही. अंडे म्हणजे श्रद्धा, मासे म्हणजे गमावलेला देव, पाणी म्हणजे प्रलय. त्यातले प्रलयाचे मी मान्य करते, कारण तो तरुण बायबलमधल्या नोहाच्या नौकेची गोष्ट प्रत्यक्ष सांगतो आणि त्याच्या गोष्टीतले कबुतर कधी परतच येत नाही. बाकीच्यांबद्दल खुद्द ओशींनीही हात वर केलेले आहेत. तरीही हे लोक एका शॉटला दोन मिनिटे शांत बसू देत नाहीत. आजोबा निदान काकांना गच्चीवर तरी पाठवत, त्यामुळे खाली घरात शांतता राही.

मला स्वतःला त्या चित्रपटात सर्वांत आवडतात त्या बाटल्या. ती मुलगी ओसाड शहरातून काचेच्या बाटल्या गोळा करते, त्यांत पाणी भरते आणि पायऱ्यांवर ओळीने मांडून ठेवते. या बाटल्यांचाही काहीतरी अर्थ कुणीतरी लावलेला असणारच, तो कृपया मला कळवू नये. माझी आईसुद्धा सरबताच्या रिकाम्या बाटल्या धुऊन, उन्हात वाळवून, झाकणांसकट माळ्यावर ठेवत असे. कशासाठी, हे तिला आमच्यापैकी कुणी कधी विचारले नाही आणि विचारले असते तरी “असू दे, लागतात,” यापलीकडे काही उत्तर मिळाले असते असे वाटत नाही.