मिडलटनची व्हिस्की आणि डायरची शाळा

आयर्लंडमध्ये पबात जाऊन बसलं की शेजारचा माणूस पाच मिनिटांत बोलायला लागतो. आधी पावसाबद्दल, मग "कुठले तुम्ही?" भारतातले म्हटलं की पुढचं वाक्य ठरलेलं असतं : "म्हणजे तुम्हीही त्यांच्याच तावडीत होतात!" 'त्यांच्या' म्हणजे कोणाच्या, हे सांगावं लागत नाही. लगेच ग्लास उचलले जातात आणि आपण एकाच घरचे असल्यासारखी बोलणी सुरू होतात.

डब्लिनला राहायला आल्यापासून सुट्टी मिळाली की आम्ही दोघं एखादं शहर गाठतो. नवऱ्याला गिनेस, म्हणजे इथली काळी बिअर, आवडते. मला तिचा कडवटपणा झेपत नाही, म्हणून मी हॉट व्हिस्की घेते : गरम पाणी, साखर, लिंबाच्या चकतीत टोचलेल्या लवंगा. आजीच्या काढ्यात कोणीतरी गुपचूप व्हिस्की ओतावी तशी लागते. गिनेस मला बघायला मात्र आवडते. ग्लास तिरका धरून बराचसा भरतात, मग तसाच ठेवून देतात आणि फेस वर चढून बसला की उरलेला भरतात. घाई करणारं गिऱ्हाईक बारवाल्याला आवडत नाही. पैशांचा हिशेब राउंडने चालतो, म्हणजे एकाने सगळ्यांसाठी घ्यायचं, मग दुसऱ्याने. पुण्याची टीटीएमएम पद्धत इथे निव्वळ कंजूषपणा ठरते. आपली पाळी चुकवून उठून जाणाऱ्याबद्दल लोक वर्षानुवर्षं बोलतात.

डब्लिनचा 'ब्रेझन हेड' हा पब ११९८ सालापासूनचा असल्याचं सांगतो. इमारत १८व्या शतकातली आहे, पण तिथे बसून या मुद्द्यावर वाद घालू नये. ओकॉनेल स्ट्रीटवरच्या जनरल पोस्ट ऑफिसचे खांब मात्र कोणी दाखवले नाहीत तरी बघावेत. २४ एप्रिल १९१६ला, ईस्टरच्या सोमवारी, बंडखोरांचा नेता पॅट्रिक पिअर्सने या पोस्टासमोर आयरिश प्रजासत्ताकाचा जाहीरनामा वाचला. त्यानंतरच्या लढाईतल्या गोळ्यांच्या खुणा दगडावर अजून आहेत. त्याच एप्रिलमध्ये टिळकांनी बेळगावला होमरूल लीग काढली. 'होमरूल' म्हणजे साम्राज्यात राहूनच स्वराज्य; हे नाव आयर्लंडच्या चळवळीतूनच आपल्याकडे आलं. गंमत अशी, की आपण ते उचललं त्याच महिन्यात डब्लिनमधल्या बंडखोरांचा त्या वाटेवरचा विश्वास पार उडालेला होता.

इथपर्यंत पबातलं ते बंधुप्रेम पटत जातं. लिफी नदीच्या काठावर दुष्काळाचे पुतळे आहेत, हाडाची काडं झालेली माणसं बंदराकडे चाललेली. ते पाहिल्यावर तर आणखीच पटतं. १८४५ला बटाट्यावर करपा पडला. पुढच्या काही वर्षांत सुमारे दहा लाख लोक मेले, तेवढेच देश सोडून गेले, आणि तेव्हाही धान्याची जहाजं इंग्लंडला जातच होती. १८४१ला या बेटावर ८० लाखांहून जास्त माणसं होती. उत्तर आणि दक्षिण मिळून तेवढी आजही नाहीत. दुष्काळात बाहेरून आलेली पहिली मोठी मदत कलकत्त्याची होती, सुमारे १४,००० पौंड. ही रक्कम ऐकून छाती फुगते. मग कळतं, की त्यात तिथल्या आयरिश शिपायांचे आणि कंपनीच्या आयरिश नोकरांचेही पैसे होते. म्हणजे ही माणसं आपल्याकडे आधीच होती, आणि होती ती कंपनीच्या पगारावर.

डब्लिनहून कॉर्कला जाणारी गाडी लिमरिक जंक्शनला थांबते. नाव लिमरिकचं, पण स्टेशन टिपररी परगण्यात. खिडकीतून दिसतात ती हिरवी कुरणं, गाई आणि दगडी बांध. याच परिसरात बॅरन्सटाउन नावाच्या ठिकाणी १८६४ला मायकेल ओडवायर जन्मला. जालियनवाला बागेच्या वेळचा पंजाबचा लेफ्टनंट गव्हर्नर, डायरच्या गोळीबाराला पाठिंबा देणारा, ज्याला १९४०मध्ये उधमसिंगांनी लंडनच्या कॅक्सटन हॉलमध्ये गोळ्या घातल्या तोच. त्याला मी शाळेपासून इंग्रजच समजत आले होते. तो आयरिश होता आणि कॅथलिकही.

कॉर्क शहर आम्ही पायी पाहिलं. १७८८पासूनच्या इंग्लिश मार्केटमध्ये मासे बघत नवरा इतका रेंगाळला, की दुकानदाराने त्याला सॅमन बनवायच्या दोन पद्धती सांगितल्या. खरी गंमत पुढे होती, मिडलटनमध्ये. कॉर्कहून लोकल जाते, गाव छोटंसं आहे. जुन्या डिस्टिलरीत तांब्याचा एक अवाढव्य हंडा आहे. ३१,६१८ गॅलन क्षमतेचा हा हंडा जगातला सर्वांत मोठा पॉट स्टिल, म्हणजे दारू गाळायचा हंडा, मानतात. व्हिस्की इथे तीनदा गाळतात आणि चाखायला देतात.

डिस्टिलरीतून निघून आम्ही बेलिक पार्कात गेलो. तिथे स्टीलची नऊ प्रचंड पिसं वर्तुळात उभी आहेत. १८४७ला अमेरिकेतल्या चॉक्टॉ या मूलनिवासी लोकांनी आयर्लंडच्या दुष्काळासाठी १७० डॉलर पाठवले होते. हे लोक स्वतः जेमतेम १६-१७ वर्षांपूर्वी आपल्या जमिनीवरून हुसकले गेले होते, वाटेत हजारो मेले होते. ते ऋण गावाने असं उभं करून ठेवलंय. २०२०मध्ये कोविडने नावाहो आणि होपी या तिथल्याच मूलनिवासी लोकांचे हाल झाले, तेव्हा आयरिश लोकांनी त्याची आठवण ठेवून भरभरून पैसे पाठवले.

आणि याच मिडलटनमध्ये रेजिनाल्ड डायर शिकला. मिडलटन कॉलेज ही १६९६ला स्थापन झालेली शाळा आजही चालू आहे. जन्म आता पाकिस्तानात असलेल्या मरी गावचा, सुरुवातीचं शिक्षण सिमल्याला, आणि मग मुलाला इथे पाठवलेलं. बाप एडवर्ड डायर हिमालयात दारू गाळायचा. त्याने कसौलीला काढलेल्या कारखान्यातूनच पुढे मोहन मीकिन झाली, म्हणजे आपली ओल्ड मंकवाली कंपनी. हे मी नवऱ्याला शाळेसमोर उभी राहून सांगितलं. त्याच्या हॉस्टेलमधल्या ओल्ड मंकच्या आठवणींवर असा घाला घातल्याबद्दल तो माझ्यावर चिडला.

एका छोट्या गावात चॉक्टॉंची पिसं आहेत आणि डायरची शाळाही. कृतज्ञतेचं स्मारक सगळे दाखवतात. शाळेकडे बोट कोणी दाखवत नाही. ती शाळा तरी काय करणार म्हणा.

गॉलवेत आम्ही आलो ते संगीतासाठी. इथे सेशनला स्टेज नसतं. कोपऱ्यातल्या टेबलाभोवती फिडल, टिन व्हिसल, बोढ्रान (डफासारखं वाद्य) घेऊन माणसं बसतात, कोणीतरी सुरुवात करतं, ज्याला धून येते तो सामील होतो. प्रेक्षकांकडे बऱ्याचदा पाठच असते. कनॉट रेंजर्स ही पलटण याच शहरातली, रेनमोरच्या बराकीतली. ब्रिटिश साम्राज्यासाठी लढलेली. पण जून १९२०मध्ये जालंधरला या पलटणीतल्या शिपायांनी आयर्लंडमधल्या अत्याचारांच्या बातम्या ऐकून बंदुका खाली ठेवल्या. बंड सोलनच्या तुकडीतही पोचलं, तिथे जेम्स डाली पुढारी होता. विशीतल्या त्या पोराला २ नोव्हेंबरला डगशाईच्या तुरुंगात गोळ्या घातल्या. त्याच्या अस्थी मायदेशी यायला १९७० उजाडलं. अमृतसर ते जालंधर हे अंतर गाडीने दोन तासांचंही नाही. वर्ष-सव्वा वर्षाच्या आत एका आयरिश माणसाने तिकडे कत्तलीची पाठराखण केली आणि दुसऱ्याने इकडे बंड केलं.

तेव्हापासून पबात ते ठरलेलं वाक्य आलं, की मी ओडवायरचं नाव काढते. नवऱ्याला हे आवडत नाही. आपण पाहुणे आहोत, असं तो म्हणतो. उत्तर आयर्लंडमधल्या, अजून ब्रिटनकडेच असलेल्या डेरीला मात्र गप्पा रंगल्या. तिथे ३० जानेवारी १९७२ला ब्रिटिश पॅराशूट रेजिमेंटने नागरी हक्कांच्या मोर्चावर गोळ्या झाडल्या. १३ जण त्याच दिवशी गेले, एक नंतर. पहिल्या चौकशीने सैनिकांचीच बाजू घेतली. २०१०च्या सॅव्हिल अहवालाने मृतांना निर्दोष ठरवलं आणि तेव्हाचे ब्रिटिश पंतप्रधान कॅमेरन यांनी संसदेत माफी मागितली. तेच कॅमेरन २०१३ला अमृतसरला आले, घटना लाजिरवाणी असल्याचं लिहून गेले, पण माफी काही मागितली नाही.

शेजारी बसलेले आजोबा ओडवायरचं ऐकून अजिबात बिचकले नाहीत. "आम्हाला पकडायला येणारे पोलीसही आयरिशच असायचे," म्हणाले. एवढी वर्षं नेट कसा धरलात, असं नवऱ्याने विचारलं. "दर जानेवारीत मोर्चा काढला, पाऊस असो नसो." मग त्यांनी आमची उलटतपासणी घेतली. अमृतसरला किती मेले? सरकारी आकडा ३७९, काँग्रेसच्या चौकशीत हजाराच्या आसपास, मी म्हटलं. डेरीच्या स्मारकावर चौदाही नावं कोरलेली आहेत, ती आम्ही सकाळीच वाचली होती. "तुमच्याकडे सगळ्यांची नावं आहेत?" त्यांनी विचारलं. नवरा फोन काढून शोधायला लागला. तोवर राउंडची पाळी माझ्यावर आली होती, मी उठून काउंटरकडे गेले.