ब्राइटनेस २० वर आणून बघा : मॉनिटर घेतानाचा माझा अनुभव

मी डोंबिवलीत राहते, घरून प्रुफं तपासते आणि थोडंफार डीटीपी करते. जुना मॉनिटर गेल्या वर्षी ऑगस्टमध्ये बंद पडला, आणि नवीन घेणं, तो परत करणं आणि मग दुसरा घेणं यात माझा दिवाळी अंकांचा सीझन गेला. राग अजून उतरलेला नाही म्हणून लिहितेय, शिवाय माझ्यासारखं दिवसभर अक्षरं बघण्याचं काम करणाऱ्या कुणाला तरी उपयोग होईल.

पहिला मॉनिटर ऑनलाइन मागवला. २४ इंची, फुल एचडी, खोक्यावर डोळ्याचं चित्र, माहितीत ‘फ्लिकर फ्री’, म्हणजे उजेड लुकलुकत नाही, असं स्पष्ट लिहिलेलं. आला, जोडला, दिवसा काही त्रास नाही. मी कामाला बसते ती मात्र रात्री नऊनंतर, घरातलं आवरून, आणि रात्री ब्राइटनेस कमी ठेवते. चौथ्या रात्री भुवयांच्या वर डोकं जड व्हायला लागलं, ओळ नीट वाचता येईना, नजर सारखी घसरायची. त्याच आठवड्यात संपादकांचा फोन आला की पान ११ वर ‘त्यांना’चा अनुस्वार गेलाय. पंधरा वर्षं हे काम करतेय, असा फोन मला कधी आला नव्हता. त्या रात्री झोप लागली नाही.

आधी वाटलं चष्म्याचं असेल. डोळ्यांच्या डॉक्टरबाईंकडे गेले, जवळचा नंबर पावने वाढला होता आणि डोळे कोरडे पडले होते. त्या म्हणाल्या, स्क्रीनकडे बघताना आपण पापण्या खूप कमी मिटतो, त्यानेच निम्मा त्रास होतो. थेंब दिले, दर २० मिनिटांनी २० फुटांवर २० सेकंद बघायला सांगितलं. मी ब्ल्यू लाइटच्या काचा घालू का विचारलं तर म्हणाल्या, त्यावर पैसे घालवू नका, स्क्रीनने डोळे थकतात ते निळ्या उजेडाने नाही. माझा चष्मा प्रोग्रेसिव्ह आहे (एकाच काचेत वर लांबचं, खाली जवळचं), त्यामुळे खालच्या भागातून वाचायला मी हनुवटी वर करून बसत होते आणि मान दुखायची. मॉनिटर खाली घेतल्यावर मान थांबली. डोकं नाही थांबलं. आणि लॅपटॉपवर तेवढाच वेळ बसलं तर काहीच होत नव्हतं, म्हणजे दोष मॉनिटरचाच.

रविवारी भाचा आला होता, त्याला सांगितलं. त्याने खोलीतला दिवा बंद केला, मॉनिटरवर कोरं पांढरं पान उघडलं, फोनच्या कॅमेऱ्यात प्रो मोड लावून शटर १/१००० सेकंदावर नेलं आणि ब्राइटनेस हळूहळू खाली आणला. १०० वर स्वच्छ. ६० वर बारीक सावल्या. २० वर फोनमध्ये आडवे काळे पट्टे, कुणी पट्ट्यापट्ट्यांची सतरंजी खाली ओढत न्यावी तसे सरकत होते. मी बघतच राहिले. त्याने समजावलं की काही मॉनिटरमध्ये उजेड कमी करायचा म्हणजे मागचे एलईडी खरे मंद होत नाहीत, ते सेकंदाला शेकडो वेळा चालू-बंद होतात, बंद राहण्याचा वेळ वाढवला की आपल्याला उजेड कमी वाटतो. याला पीडब्ल्यूएम म्हणतात. १०० वर दिवे कायम चालू, म्हणून तिथे काही दिसत नाही. सगळ्यांनाच याचा त्रास होतो असं नाही, भाच्याला काहीच जाणवत नव्हतं, मला मात्र होतो. (खोलीतला दिवा बंद करणं महत्त्वाचं, नाहीतर ट्यूबलाइटचेच पट्टे फोनमध्ये येतात आणि गोंधळ होतो.)

आता खरा ताप. परत करायची मुदत १० दिवस, नववा दिवस चालू, आणि नियम असा की फक्त बदलून मिळेल, तेही टेक्निशियनने घरी येऊन सदोष आहे असं लिहिलं तर. पहिला टेक्निशियन आला, केबल हलवून बघितली, लाल-हिरवा-निळा-पांढरा असे स्क्रीन लावले, सगळे फुल ब्राइटनेसवर, आणि म्हणाला, “पॅनल ओके आहे मॅडम, ओटीपी द्या.” मी दिला. तो गेल्यावर मेसेज आला की तुमची तक्रार सोडवली, बंद केली. म्हणून सांगते, त्याने फोनवर काय भरलंय ते वाचल्याशिवाय ओटीपी देऊ नका, ओटीपी म्हणजे तुमची सही असते.

परत तक्रार, परत पाच दिवस. मध्ये रोज संध्याकाळी कॉल सेंटरला फोन, दर वेळी नवीन माणूस, दर वेळी पहिल्यापासून सगळं सांगायचं, आणि तिकडून ‘तुमची गैरसोय आम्ही समजू शकतो’. टेबलावर प्रुफांचा ढीग, लॅपटॉपच्या छोट्या स्क्रीनवर कसंबसं काम रेटत होते. दुसरा टेक्निशियन आला त्याला व्हिडिओ दाखवला. तो म्हणाला, “हे कॅमेऱ्यामुळे दिसतं, कुठल्याही स्क्रीनचं असंच दिसतं.” मी लॅपटॉप मॉनिटरशेजारी ठेवला, तोच फोन, तेच शटर, दोन्हींचा ब्राइटनेस खाली. मॉनिटरवर पट्टे, लॅपटॉप स्वच्छ. त्याने बघितलं, गप्प झाला, मग मला त्याचं ॲप दाखवलं. त्यात कारणं चारच : डेड पिक्सेल, स्क्रीनवर रेघ, डिस्प्ले नाही, तुटफूट. “यात तुमचं बसत नाही ताई.” आणि ‘दोष आढळला नाही’ लिहून गेला. समोर दिसतंय, तो स्वतः बघतोय, आणि कागदावर दोष नाही! आत्ता लिहितानासुद्धा कानशिलं तापतात.

तिसऱ्या वेळी मी पडदे ओढून, ब्राइटनेस २० वर ठेवूनच दार उघडलं. हे जरा वयस्कर गृहस्थ होते, चष्मा लावणारे. पाच मिनिटं स्क्रीनवर वाचून बघितलं आणि म्हणाले, “यावर मला नाही बसवणार.” त्यांनी ‘डिस्प्ले नाही’ या कारणाखाली लिहून बदलून द्यायची शिफारस केली. त्यांचे उपकार मानते. आठवड्याने दुसरा नग आला, तेच मॉडेल, तेच पट्टे. साहजिकच होतं, तो बिघाड नव्हताच, ते मॉडेल बनवलंच तसं होतं. मग कळलं की एकदा बदलून दिला की पैसे परत नाहीत.

तेव्हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला १९१५ वर फोन केला. महिनाभर मी डोकं दुखतं, काम अडलंय हेच सगळीकडे सांगत होते आणि त्याने काही हललं नव्हतं. हेल्पलाइनच्या तक्रारीत दोनच ओळी लिहिल्या : माहितीत ‘फ्लिकर फ्री’ लिहिलंय, प्रत्यक्षात २० टक्के ब्राइटनेसला फ्लिकर आहे, म्हणजे वस्तू वर्णनाप्रमाणे नाही. सोबत माहितीच्या पानाचा स्क्रीनशॉट, व्हिडिओ आणि बिल. नवव्या दिवशी विक्रेत्याचा स्वतःहून फोन, माणूस येऊन मॉनिटर घेऊन गेला, पैसे खात्यात. मेसेज वाचला आणि खुर्चीतच रडले, खरं सांगते.

दुसरा मात्र हातात घेऊन बघितल्याशिवाय घ्यायचा नाही हे ठरलं होतं. ग्रँट रोडला उतरून लॅमिंग्टन रोडला गेले, पेनड्राइव्हमध्ये माझ्याच कामाचं एक पान, ११ पॉइंटमध्ये, भरपूर रफार, रकार आणि जोडाक्षरांचं. पहिल्या दोन दुकानांत लावू दिलं नाही, तिसऱ्यात दिलं. दुकानदार म्हणाले, आम्ही सगळे फुलवर ठेवतो, गिऱ्हाइकाला झगझगीत आवडतं. मी २० वर आणून चार मॉनिटर फोनने तपासले, एकात पट्टे निघाले, तीन स्वच्छ.

त्यातून २१.५ इंची घेतला. माझं टेबल दोन फूट खोल, डोळे स्क्रीनपासून हातभर अंतरावर, तिथे मोठा मॉनिटर म्हणजे सारखी मान फिरवायची. आणि स्क्रीन लहान असो की मोठा, फुल एचडीचे पिक्सेल (चित्राचे ठिपके) तेवढेच असतात, २१.५ इंचात ते इंचाला साधारण १०२ पडतात, २४ मध्ये ९२-९३, २७ मध्ये फक्त ८२. बारीक अक्षराचा अनुस्वार दोन-तीन पिक्सेलांचा असतो, तो विरळ पिक्सेलांत पुसट होतो. अक्षर लहान वाटलं तर स्केलिंग १२५ टक्के करा. एचडीएमआयनेच जोडा, जुनी व्हीजीए केबल असेल तर कडा धूसर दिसतात. स्क्रीन मॅट हवा, चकचकीत काचेत आपलाच चेहरा आणि मागची खिडकी दिसत राहते. मॉनिटरचा रीडर मोड लावला की स्क्रीन पिवळट होतो, मला आवडतो, पण त्याने फ्लिकर जात नाही, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. स्टँडची उंची बदलत नसेल तर मागे व्हेसाची (ठरावीक मापाची, स्क्रूची) चार भोकं आहेत का बघा, पुढे मॉनिटर वर-खाली करणारा आर्म लावता येतो.

आता रात्री ब्राइटनेस २२ वर असतो, टेबल लॅम्प भिंतीकडे वळवलेला. परवा एका अंकाची ४० पानं एका बैठकीत वाचली, डोकं शांत होतं, आणि पान ३१ वर ‘मुलांना’चा गेलेला अनुस्वार पहिल्या वाचनात सापडला.

हो, आणि खोका टाकू नका, थर्माकोलसकट जपून ठेवा. माझा माळ्यावर होता म्हणून, नाहीतर न्यायला आलेल्या माणसाने पहिल्यांदा तोच मागितला होता.