छापील पंचांग आणि तुपाची शाई

आमच्या स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर आई एकादशीच्या चौकोनात ‘दूध दीड’ लिहिते, नवा सिलिंडर लावला की तारखेभोवती गोल करते. संकष्टीचा चंद्रोदय मोबाइलवर दिसतो, तरी ती बघणार भिंतीकडेच. छापलेल्यावर तिचा भारी भरवसा!

गंमत म्हणजे एकेकाळी छपाईचाच विटाळ वाटायचा. १८३१ साली गणपत कृष्णाजी या छापखानेवाल्यानं मुंबईत शिळाछापावर, म्हणजे दगडावरून छापून, मराठी पंचांग काढलं. शाईत चरबी असते म्हणून सोवळ्यातली मंडळी छापील पोथीला हात लावेनात. मग तुपाची शाई आली. धंद्याची अक्कल म्हणतात ती ही!

आता लग्नपत्रिका व्हॉट्सअ‍ॅपवर येते. पण कोपऱ्यांना हळदकुंकू लावून देवापुढे ठेवायला आईला कागदाचीच हवी. भावाच्या लग्नात मोजक्याच छापल्या. छापखानेवाला म्हणाला, शंभराच्या खाली परवडत नाही.