तुम्ही विचारलंत म्हणून: पिक्चरमधली लढाई

मी कारगिलला होतो हे कळलं की पुढचा प्रश्न ठरलेला. लग्नाच्या पंगतीत, एसटीत, बँकेच्या रांगेत. "काका, पिक्चरमध्ये दाखवतात तसंच असतं का हो?" आजवर 'थोडंफार' म्हणून सुटका करून घेतली. आज सांगतोच.

मी तोफखान्यातला. नाशिक रोड कॅम्पला घडलो आणि १९९९ च्या उन्हाळ्यात द्रासकडे बोफोर्सवर होतो. तोफखान्यावर पिक्चर कोण काढणार? समोर डोंगर, त्यावरचा माणूस काही दिसायचा नाही. अख्ख्या लढाईत मी एकही शत्रू डोळ्यांनी पाहिलेला नाही. आमच्यापर्यंत यायचे ते आकडे: बेअरिंग म्हणजे दिशा, एलिव्हेशन म्हणजे नळी किती वर, चार्ज म्हणजे दारू किती, आणि राउंड किती. चाळीस किलोंच्या वरचा एकेक गोळा. दहा हजार फुटांवर तो उचलायला गेलं की दम आधी लागतो आणि देशप्रेम नंतर आठवतं. तोफ उडाली की बराच वेळ आम्ही खुणांनी बोलायचो. पडद्यावर मात्र धमाका विरायच्या आत हिरोचा संवाद सुरू, आणि समोरच्याला तो ऐकूही येतो! माझ्या उजव्या कानात अजून शिट्टी वाजते.

'बॉर्डर' घ्या. १९९७ चा, म्हणजे कारगिलच्या आधीचा. १९७१ ची राजस्थान सीमेवरच्या लोंगेवाला ठाण्याची लढाई खरी, रात्रभर रणगाडे अडवून धरले ते खरं, सकाळी हंटर विमानं आली तेही खरं. पण पडद्यावर आपली किती माणसं पडतात बघा. प्रत्यक्षात त्या ठाण्यावर आपले दोन जवान गेले. सुनील शेट्टीने केलेले भैरोंसिंग पिक्चरमध्ये शहीद होतात. खरे भैरोंसिंग राठोड २०२२ पर्यंत हयात होते. जिवंत माणसाला मारल्याशिवाय आपल्याला रडू येत नाही की काय?

आता तुम्ही म्हणाल, हा म्हातारा सगळ्यालाच नावं ठेवतो. तसं नाही. त्यातलं पत्रांचं गाणं लागलं की माझाही गळा दाटतो. '५६ एपीओ' हा फौजी टपालाचा पत्ता लिहिलेलं आंतरदेशीय हातात पडलं की काय होतं, ते त्यांनी बरोबर पकडलंय.

माझा खरा राग वेगळाच आहे, आणि तो सांगायचं मी टाळत आलो.

शेजारच्या तोफेवर आमच्याच तालुक्यातला एक जण होता. वरच्या टेकड्यांवरून शत्रूला आमचा रस्ता दिसायचा, त्यामुळे त्यांचे गोळेही अंदाजाने येत नसत. त्या सकाळी फायर थांबलं होतं आणि चहाची किटली आली होती. "माझा मग कुणी घेतला रं?" एवढं तो म्हणाला. गोळा पडला. स्प्लिंटर, म्हणजे गोळ्याचा तुकडा, मानेत. मी पोहोचेपर्यंत संपलं होतं. खिशातून फोटो निघाला नाही, कुणाच्या मांडीवर डोकं नव्हतं.

सुट्टीवर आलो तेव्हा त्याच्या घरी गेलो. त्याचे वडील, तात्या, ओसरीवर बसलेले. बराच वेळ पावसापाण्याचं बोलले. मग म्हणाले, "जाताना काय बोलला का रं?"

आम्ही दोघांनीही पिक्चर पाहिलेले. त्यांना काय हवं होतं ते मला कळत होतं. मी खरं सांगितलं. "न्हाई तात्या. लगीच गेला. चहाचा मग हुडकत हुता."

तात्या म्हणाले, "म्हंजी चहाबी पिला न्हाई?"

आत काकू होत्या. भांड्यांचा आवाज थांबला. मला निघताना चहा विचारला नाही कुणी, आणि बरंच झालं.

पुढे काही वर्षांनी गावच्या शाळेत २६ जानेवारीला मुलांनी नाटुकलं बसवलं, त्याच्यावरच. मी पाहुणा. नववीतला पोरगा छातीवर गोळ्या झेलतो, पडतो, उठतो, तिरंगा रोवतो, आईला निरोप सांगतो आणि मग मरतो. तात्या पहिल्या रांगेत. संपल्यावर त्यांनी माईक मागून घेतला. "आस्संच झालं हुतं. हे हुते तितं. इचारा त्येंला."

सगळी शाळा माझ्याकडे बघत होती. मी मान हलवली.

तिशीतला मी असतो तर तिथंच भांडलो असतो. तो म्हणायचा, या पिक्चरवाल्यांनी आमचं मरणसुद्धा पळवलं. त्याला मी आज विचारतो, मग तू तात्यांना काय दिलंस? एक रिकामा मग. तो उलट विचारतो, म्हणून खोट्याला मान डोलवायची? पोरं उद्या भरतीला जातील ती तेच खरं धरून. त्यावर मला उत्तर सुचत नाही. मान हलवल्याचं वाईटही वाटत नाही. वाटतं कधीकधी.

शिवाय मी बोलतोय ते तोफखान्यापुरतं. आमच्या तालुक्यातच पायदळातले एक हवालदार आहेत, त्याच लढाईत रात्री दोर धरून कडा चढलेले. ते म्हणतात, "पिक्चरमध्ये कमीच दाखवलंय. आम्ही खरंच ओरडत चढलो, आणि माणसं खरंच तशी पडली. तू खाली राहून काय बघितलंस?" मी म्हणतो, खाली पण माणसं मेली. ते म्हणतात, त्यावर तिकिटं खपत नाहीत. पेन्शनच्या कामाला भेटलो की आमचं हे भांडण पहिल्यापासून सुरू होतं. बँकेतला शिपाई आता आम्हाला दोघांना वेगवेगळ्या खिडक्यांवर पाठवतो.