हायवेच्या पलीकडचं मैदान

ऑस्टिनला आलेल्या पाहुण्याला टेक्सास विद्यापीठाचं अमेरिकन फुटबॉलचं स्टेडियम दाखवायचा रिवाज आहे. लाखभर माणसं बसतील एवढं ते प्रचंड बांधकाम. मी ते गाडीतूनच पाहिलं आणि भाचीला म्हटलं, "पुरे झालं. मला हायवेपलीकडचं बेसबॉलचं मैदान बघायचंय."

"मामा, तुला बेसबॉल कळतो?"

"क्रिकेट कळतं. बाकीचं तू सांग."

भाचीचं घर सीडर पार्कला, शहराच्या उत्तरेला. आजूबाजूला मराठी कुटुंबं भरपूर, पण कॉलेजचा बेसबॉल बघायला जाणारं कोणी भेटलं नाही. भाचीचा नवरा तेवढा तयार झाला, तोही नाचोजच्या आशेवर.

मैदानाचं नाव डिश-फॉक फील्ड. अलीकडे त्याच्यापुढे एका पतसंस्थेचंही नाव लागतं, पण गावातले लोक नुसतं 'द डिश' म्हणतात. बिली डिश आणि बिब फॉक हे इथले दोन कोच. डिश 1911 ते 1939, आणि त्यांच्याच हाताखाली तयार झालेला फॉक 1940 ते 1967; मध्ये महायुद्धाची तीन वर्षं वगळायची. अर्ध्या शतकाहून जास्त काळात कोच दोनच! आपल्याकडे एवढ्या काळात निवड समित्या किती बदलल्या असत्या, ते मोजायला नको.

फॉकची गोष्ट मला जास्त आवडली. हा ऑस्टिनचाच मुलगा. 1920 साली विद्यापीठातून थेट शिकागो व्हाइट सॉक्स या व्यावसायिक संघात गेला. 1919च्या वर्ल्ड सिरीजमधलं, म्हणजे व्यावसायिक बेसबॉलच्या अंतिम लढतीतलं, मॅच फिक्सिंगचं प्रकरण नेमकं त्याच वर्षी बाहेर आलं आणि 'शूलेस' जो जॅक्सनसकट याच संघाच्या आठ खेळाडूंवर कायमची बंदी आली. डाव्या बाजूच्या आउटफील्डमधली जॅक्सनची जागा मिळाली ती या पोराला. लोक ज्याला डोक्यावर घेत होते आणि ज्याच्यावर आता चिडले होते, त्याच्या जागी उभं राहायचं म्हणजे सोपं काम नव्हे. फॉक तिथे टिकला आणि .314 ची सरासरी (म्हणजे हजार संधींत 314 यशस्वी फटके) ठेवून कारकीर्द संपवली. पुढे कोच म्हणून त्यानं 1949 आणि 1950 अशी लागोपाठ दोन राष्ट्रीय विजेतेपदं टेक्सासला मिळवून दिली.

पण डिश आणि फॉक या मैदानावर घडले नाहीत. हे मैदान 1975 सालचं. त्याआधी 1928 पासून सामने व्हायचे क्लार्क फील्डवर, आणि मला खरं कुतूहल होतं ते त्याचंच. तिथे आउटफील्डच्या आत, सीमेच्या अलीकडे, चुनखडीचा चांगला बारा फुटी कडा उभा होता! कड्यावर चढायला एक पायवाट होती, तिला 'बिली गोट हिल' म्हणत. चेंडू वर गेला की आउटफिल्डर शेळीसारखा ती वाट चढायचा. टेक्सासच्या मुलांना वाट पायाखालची, पाहुण्या संघाचा मात्र गोंधळ. घरच्या मैदानाचा याहून उघड फायदा मी तरी ऐकलेला नाही.

1970च्या दशकात ते मोडलं. आज तिथे बास कॉन्सर्ट हॉल आहे. आम्ही सामन्याआधी मुद्दाम तिकडून गेलो. काच, काँक्रीट, नाटकांची पोस्टरं. कड्याचा मागमूस नाही.

नव्या मैदानासाठी विद्यापीठ इंटरस्टेट 35 ओलांडून पूर्वेला गेलं. हा हायवे म्हणजे ऑस्टिनमधली जुनी फाळणी. 1928च्या शहर आराखड्यात काळ्या वस्तीला पूर्वेकडे रेटायचं ठरलं होतं. त्यांच्यासाठीच्या शाळा आणि बागा तिकडेच ठेवल्या, म्हणजे लोकांना दुसरीकडे राहणं परवडू नये. पुढे 1960च्या दशकात 'अर्बन रिन्युअल'च्या, म्हणजे शहर पुनर्विकासाच्या, नावाखाली याच भागातली घरं घेऊन विद्यापीठ पसरलं. आधी तिकडे ढकलायचं आणि मग तिथूनही उठवायचं. स्टेडियमच्या भिंतीवर विजेतेपदांची वर्षं मोठ्या अक्षरांत आहेत: 1949, 1950, 1975, 1983, 2002, 2005. त्या घरांबद्दलची पाटी मला कुठे दिसली नाही.

सामना सुरू झाला आणि पहिला दचका आवाजाचा. लाकडाचा 'टक्' ऐकायला मी कान देऊन बसलो होतो, आणि आला स्टीलचं भांडं पडावं तसा 'टण्ण'. कॉलेजच्या बेसबॉलमध्ये 1974 पासून धातूच्या बॅटी चालतात. दुसरा दचका हिरवळीचा: ती खोटी आहे. पहिल्या दिवसापासून इथे कृत्रिम गवतच होतं. बेसभोवतीची तांबूस 'माती'सुद्धा रंगवलेलं गवतच निघाली. खरी माती फक्त पिचरच्या, म्हणजे चेंडू टाकणाऱ्याच्या, उंचवट्यावर. पाऊस थांबल्यावर खेळ लवकर सुरू होतो, हे मान्य. तरी कडा गमावून हे मिळालं म्हणजे सौदा तोट्याचा, असं माझं मत.

बघायची मजा मात्र पुरेपूर. साधारण सात हजारांची जागा, त्यामुळे डगआउटमधली मुलं काय ओरडतात तेही ऐकू येतं. शेजारच्या केशरी टोपीवाल्या आजींनी मला स्ट्राइक झोन (चेंडू ज्या पट्ट्यातून गेला तर वैध धरतात तो) समजावला, शेंगदाणे दिले, आणि 2009 सालच्या त्या रात्रीची गोष्ट सांगितली.

30 मे 2009. टेक्सास विरुद्ध बोस्टन कॉलेज. बेसबॉलमध्ये सामना सहसा अनिर्णित सोडत नाहीत; नऊ डावांनंतर बरोबरी असेल तर पुढे खेळत राहायचं. संध्याकाळी सहाच्या सुमाराला सुरू झालेला खेळ मध्यरात्र उलटून एक वाजेपर्यंत चालला: 25 डाव, सात तास तीन मिनिटं. टेक्सास 3-2 असं जिंकलं. कॉलेज बेसबॉलमधला हा सर्वांत लांबलेला सामना. ऑस्टिन वुड नावाच्या पिचरनं राखीव म्हणून येऊन एकट्यानं 13 डाव टाकले, त्यातल्या 12⅓ डावांत (डावात तीन बाद, म्हणून एक बाद म्हणजे ⅓) समोरच्यांना एकही हिट, म्हणजे बेस गाठून देणारा फटका, दिला नाही. एकूण 169 चेंडू. माझ्या हिशेबात 28 षटकं आणि वर एक चेंडू, तेही जवळपास सगळे पूर्ण जोर लावून. पोराचा खांदा असा वापरावा का, यावर नंतर बराच वाद झाला. व्हायलाच हवा होता. आजींना मात्र ते पटलं नाही. "काढला असता तर त्यानंच कोचला मारलं असतं," म्हणाल्या.

त्या स्वतः त्या रात्री सतराव्या डावानंतर घरी गेल्या होत्या. नवरा थांबला होता, आणि अजून ऐकवतो.

जाणाऱ्यांसाठी थोडं: हंगाम फेब्रुवारीच्या मध्यापासून मेपर्यंत. संध्याकाळचा सामना घ्या, एप्रिलनंतर दुपारचं ऊन सोसत नाही. पिशवी पारदर्शकच लागते. रेड लाइन या लोकल रेल्वेच्या एमएलके स्टेशनवरून चालत जाता येतं, पण परतीच्या गाडीची वेळ आधी पाहून ठेवा. अर्धा तास हाताशी असेल तर मैदानाच्या दक्षिणेला लागून असलेल्या ओकवुड दफनभूमीत जाऊन या. 1839 पासूनची आहे ती. टेक्सासच्या स्वातंत्र्ययुद्धातल्या अलामोच्या लढाईतून वाचलेल्या सुझॅना डिकिन्सनची कबर तिथेच आहे. आणि नाचोज एकाच माणसासाठी घेऊ नका. जावयानं घेतले, संपवायला तिघं लागलो.