सावलीतलं पीक

अंजनगाव सुर्जीहून आमच्या गावाकडे वळलं की संत्र्याच्या बागा लागतात. जानेवारीत सकाळी आठ वाजता तिथं जे लख्ख ऊन असतं, तेवढं स्कॉटलंडमध्ये, एडिंबरामध्ये मला मे महिन्यातही मिळत नाही. तीन आठवड्यांच्या सुट्टीवर आलेय आणि निम्मा वेळ अंगणात पाठ शेकत बसलेय.

रात्री नऊला जेवणं उरकली की ओसरीवर सगळे माझ्या मोबाइलभोवती गोळा होतात. तिकडे एडिंबराच्या घरी दुपारचे साडेतीन वाजलेले असतात आणि अंधारून आलेलं असतं. नवरा फोन खाऱ्या पाण्याच्या काचेच्या टाकीसमोर धरतो. दगडाला चिकटलेला सुपारीएवढा लाल गोळा दिसतो.

"हे फूल होय?" शेजारच्या काकू म्हणाल्या. "मले तं टमाटर वाटून रायलं."

आमचं समुद्रफूल (इंग्रजीत सी ॲनेमोनी) मिटलं की खरंच टमाट्यासारखं दिसतं. फूल म्हणायचं एवढंच, आहे तो प्राणी. नवऱ्यानं चिमट्यानं झिंग्याचा तुकडा पुढं केला आणि त्यानं भोवतालचे हात हळूहळू पसरले. तुकडा हाताला लागला तसा चिकटला. त्या हातांत सूक्ष्म डंख असतात. मग तुकडा मधल्या तोंडात गेला. या प्राण्याला तोंड एकच, खाल्लेल्याचा चोथाही त्याच वाटेनं बाहेर. हे ऐकून पोरं जी हसत सुटली, ती काही केल्या थांबेनात.

हे माझं दुसरं समुद्रफूल. पहिलं मी मारलं.

आमचं तिकडचं घर तळमजल्यावर, दगडी भिंतींचं, खिडकी उत्तरेला. डिसेंबरात तिथं पावणेनऊला उजाडतं आणि पावणेचारच्या आत सूर्य बुडतो. करमत नव्हतं म्हणून टाकी आणली आणि टाकी लावून दोन महिने होतात न होतात तोच उष्ण समुद्रातलं, फुगीर टोकांच्या हातांचं समुद्रफूल घेऊन आले. दुकानदारानं विचारलं होतं, लाइट कोणता आहे? पैसे वाचवायचे होते, मी थाप मारली. टाकीवर होती साधी एलईडी पट्टी.

या जातीच्या शरीरात सूक्ष्म शेवाळ राहतं. ते उजेडावर अन्न तयार करतं आणि त्यातला मोठा वाटा यजमानाला देतं. उजेड कमी पडला की ही भागीदारी मोडते. आधी त्याचे हात लांबट, तारांसारखे झाले. मला वाटलं, वाढतंय! मग तपकिरी रंग फिका पडत पांढरा झाला. मग ते चालायला लागलं. पायाची चकती सरकवत, काचेवरून वर, दिव्याच्या दिशेनं. एका सकाळी पाणी फिरवणाऱ्या पंपात ओढलं जाऊन चिंधड्या झालेलं सापडलं. पाणी नासलं, दोन मासेही गेले.

त्या रात्री व्हिडिओ कॉलवर बाबांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "लिंबाच्या झाडाखालची पऱ्हाटी पाह्यली नाही काय तू? नुसती उंच होते, बोंड धरत नाही. लांब झालं तवाच समजाले पाह्यजे होतं."

मी म्हटलं, आता भारी दिवा घेते.

"दिवा कायले? पीक बदल ना. पांगाऱ्याच्या सावलीत पानवेल होते, पानपिंपरी होते. तुह्या समुद्रात सावलीतलं काहीच नाही काय?"

होतं की! स्कॉटलंडच्या खडकांवर भरती-ओहोटीच्या पट्ट्यात हे लाल समुद्रफूल सर्रास सापडतं. त्याच्यात ते शेवाळ नसतं, म्हणून त्याला खास दिवा लागत नाही. पाणी थंड हवं, हीटरची गरज नाही. ते पोटातून जिवंत पिल्लं बाहेर टाकतं. ऑफिसातल्या एकीच्या टाकीत अशी बरीच झाली होती, त्यातलं एक तिनं दिलं. हातांच्या बुडाशी निळे मणी असतात, शेजारी खेटला तर त्यांनी त्याला भाजून काढतं. बांधाच्या भांडणाचा विषय काकांना लगेच समजला.

आतेभावाचा प्रश्न वेगळाच. तो दर्यापूरचा, खारपाणपट्ट्यातला. "आमच्या विहिरीचं पाणी चालते काय? गावाच्या नावातच दर्या हाय." नाही चालत. समुद्राच्या पाण्यात लिटरमागं साधारण 35 ग्रॅम क्षार असतात, तुमचं पाणी त्यापुढं गोडच. मी शुद्ध पाण्यात समुद्री मीठ मोजून घालते आणि दर आठवड्याला थोडं पाणी बदलते.

या लाल जातीची एक आजीबाई एडिंबरामध्ये प्रसिद्ध होती. निसर्ग-अभ्यासक सर जॉन डॅलिएल यांनी 1828 मध्ये नॉर्थ बेरिकच्या किनाऱ्यावरून तिला आणलं आणि काचेच्या बरणीत ठेवलं. ते 1851 मध्ये वारले, पण ती एकाकडून दुसऱ्याकडे जात 1887 पर्यंत जगली. शेकडो पिल्लं झाली. नाव पडलं 'ग्रॅनी', म्हणजे आजीच. विजेचे दिवे घरोघरी पोचायच्या आधीच तिचं आयुष्य सरलं.

बाबांनी मनातल्या मनात हिशेब केला. "म्हणजे मालक मेला तरी हे जगते. मंग वाटणीपत्रात लिहून ठेव."

आई माळकरी. तिचं लक्ष तेवढ्या झिंग्यावर. "रोज खाते काय थे?"

आठवड्यातून दोनदा, म्हटलं. बरेच दिवस नाही दिलं तरी चालतं.

"मंग एकादशीले तरी नको देऊ वं बाई."

नवऱ्यानं तिकडे फ्रिजवरच्या कॅलेंडरवर खूण करून ठेवलीय.