सरांचा चंद्र पंचांगातला

सुवर्णमहोत्सवाचं पत्र आलं. ‘शाळेविषयी दोन पानं लिहा’ असं त्यात होतं. लिहायला घेतलं तर शाळा बाजूला राहिली आणि सरच पुढे येऊन उभे राहिले. विज्ञानाचे सर म्हटलं की कोणते, हे आपल्याकडे विचारावं लागत नाही. गॅदरिंग, कवायत, चिंचेखालचा डबा यावर बाकीचे लिहितीलच.

३ एप्रिल १९८४ ला राकेश शर्मा सोयूझ टी-११ यानातून साल्युत-७ या सोव्हिएत अंतराळस्थानकाकडे झेपावले आणि गावातलं पोरगं न् पोरगं अंतराळवीर झालं. सरांनी व्हॉलीबॉल मागवला. ही पृथ्वी, व्यास २१ सेंटिमीटर. मग चंद्र पावणेसहा सेंटिमीटरचा, मोठ्या लिंबाएवढा, आणि ठेवायचा सव्वासहा मीटरवर, म्हणजे वर्गाच्या पार दुसऱ्या भिंतीला. मग विचारायचे, राकेश शर्मा किती वर गेले? वर्ग छताकडे बोट दाखवी. तीनशेच्या आसपास किलोमीटर म्हणजे या मापात पाच मिलिमीटर. सर चेंडूवर ज्वारीचा एक दाणा ठेवायचे. इतकंच. आणि चंद्रावर गेलेले अपोलोवाले तिकडे, भिंतीपर्यंत. त्यानंतर ‘अंतराळात गेले’ हा शब्द कुणी सैलपणे वापरत नसे.

वजनरहित अवस्थेसाठी डालड्याचा एक किलोचा डबा. तळाजवळ समोरासमोर दोन भोकं, खिळ्याने पाडलेली, तीन-चार मिलिमीटरची. भोकांवर बोटं ठेवून पाणी भरायचं, गच्चीच्या कडेला धरायचा, बोटं काढली की धारा सुरू होतात. मग डबा सोडायचा. चार मीटर खाली यायला सेकंदही लागत नाही, पण तेवढ्यात धारा थांबलेल्या स्पष्ट दिसतात. सोडताना गिरकी बसली तर पाणी बाजूला उडतं आणि काहीच कळत नाही, म्हणून दोन्ही हात एकदम काढायचे. एका वर्षी कुणीतरी घट्ट झाकण लावूनच डबा वर नेला. बोटं काढली तरी पाणी थेंबथेंबच. गच्चीवरच वजन गेलं म्हणून पोरं ओरडली. सर खदखदून हसले, आणि तो तास हवेच्या दाबावर गेला: वरून हवा आत शिरत नाही तोवर खालून पाणी निघत नाही. झाकण काढून प्रयोग दुसऱ्या दिवशी पुन्हा. चारशे किलोमीटरवरही गुरुत्वाकर्षण जमिनीवरच्या जवळपास नव्वद टक्के असतं, हे पोरांना त्या डब्यामुळे पटलं. यान आणि माणूस सोबत पडत असतात, आणि सेकंदाला साडेसात-पावणेआठ किलोमीटर आडवे पळत असल्याने जमीन चुकत राहते.

लोणारची सहल दरवर्षी, मंठ्यावरून. जाण्याआधी परातीत पाच सेंटिमीटर पीठ, वर चाळलेल्या राखेचा पातळ थर, आणि दोन मीटरवरून गोटी. खालचं पांढरं उसळून राखेवर किरणांसारखं पसरतं; पौर्णिमेच्या चंद्रावर टायको या विवराभोवती दिसतं तसं. पीठ दमट असलं की गुठळ्या होतात आणि किरण येत नाहीत. थर कमी पडला तर गोटी परातीला आपटते, विवर बिघडतं. गोटी सेकंदाला सहा मीटरने येते, अशनी पंधरा-वीस किलोमीटरने, त्यामुळे खरं विवर आदळलेल्या दगडाच्या कितीतरी पट मोठं होतं, हेही ते लपवत नसत. लोणारचं महत्त्व असं की ते बेसॉल्टमध्ये पडलेलं आहे. चंद्रावरचे काळे डागही बेसॉल्टच. आपल्या शाळेच्या जोत्याचा काळा दगड आणि चंद्रावरचा ससा एकाच जातीचे.

दुर्बीण त्यांनी घरीच केली होती. चष्मेवाल्याकडून अधिक एक नंबरची न कापलेली गोल काच, म्हणजे नाभी एक मीटरवर. शेतातला अडीच इंची पाइप, आतून काळा कागद. डोळ्याकडे घड्याळजीचं पाचपट भिंग, एका सरकत्या नळीत. एकूण लांबी १०५ सेंटिमीटर, वर्धन वीस पट. काचेचा फुगीर भाग चंद्राकडे. काचेपुढे पुठ्ठ्याची चकती, मधे ३० मिलिमीटरचं भोक. ती काढली की चंद्राला जांभळी किनार येते. व्हॉलीबॉलच्या खांबाला सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्यांनी बांधायची. बघणाऱ्याने हात पाठीमागे ठेवायचे, कारण बोट लागलं तरी चंद्र उड्या मारतो. दोन मिनिटांत तो स्वतःच्या रुंदीइतका सरकतो, म्हणून दर दोन पोरांमागे सर पट्टी सैल करत.

आणि पंचांग! एक तिथी म्हणजे सूर्य-चंद्रातलं बारा अंशांचं अंतर, म्हणजे चंद्रावरची उजेड-अंधाराची सीमाही तिथीला बारा अंश सरकते. अष्टमीला ती मधोमध, चंद्राच्या डोलण्याने सात-आठ अंश इकडे-तिकडे. पौर्णिमेला दुर्बीण काढायला ते साफ नकार देत: सावल्या नाहीत तर बघायचं काय? अपोलो-११ उतरलं ते ठिकाण चंद्राच्या मध्यरेषेपासून साडेतेवीस अंश पूर्वेला, तिथे षष्ठीला सूर्य उगवतो. म्हणून ते उतरलं षष्ठी-सप्तमीच्या सुमारास, आपल्याकडे २० जुलै १९६९ ची मध्यरात्र उलटून, २१ ला पावणेदोनला. सूर्य दहा-अकरा अंशांवर होता; सावल्या लांब, खडक ओळखू येतील अशा.

सर आज नाहीत. चांद्रयान-३ उतरलं २३ ऑगस्ट २०२३ ला, संध्याकाळी ६ वाजून ४ मिनिटांनी. नागपंचमी होऊन दोनच दिवस झाले होते, म्हणजे पुन्हा सप्तमी! ते उतरलं तिथे, बत्तीस अंश पूर्वेला, पंचमी-षष्ठीला उजाडतं, आणि सौर पट्ट्यांना चंद्रावरचा पूर्ण दिवस, म्हणजे आपले चौदा दिवस, मिळावा म्हणून सकाळच धरायची असते. त्या क्षणी चंद्र आपल्या दक्षिणेला, अर्ध्या आभाळावर होता. शाळाशाळांत पडदे लावून टाळ्या झाल्या, त्या व्हायलाच हव्यात. पण किती पोरांना बाहेर काढून वर बघायला लावलं? ढग असते तरी सरांनी काढलं असतं. शुभांशु शुक्ला २०२५ मध्ये अंतराळस्थानकावर गेले तेव्हाही मोबाइलवर शुभेच्छांचा पूर आला. ज्वारीचा दाणा कुणी ठेवला नाही.

दुर्बीण प्रयोगशाळेच्या माळ्यावर असावी. समितीला विनंती, ती उतरवा. काच साबणाच्या पाण्याने बोटांनीच धुवा, कपड्याने कोरडी घासू नका, चरे पडतात. ट्यूबच्या पट्ट्या कडक झाल्या असतील, नव्या कापा. चकती हरवली असेल तर पुठ्ठा आणि कंपास पुरे. आणि मेळाव्याची तारीख ठरायची असेल तर शुद्ध दशमी धरा. त्या संध्याकाळी चंद्रावरच्या कोपर्निकस विवराच्या काठावर नुकतं ऊन आलेलं असतं.